चौथं आणि पाचवं वर्ष

खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला आधी चालून दाखवायला सांगितलं.

मी फाटकाशी उभी होते, खांद्यावर बॅग, हातात पाण्याची बाटली. घरमालक ओट्यावर बसून दाताने सुतळीची गाठ सोडवत होते. "त्या निंबापावतर जाऊन या," ते म्हणाले. मला वाटलं, वर जायचा जिना तिकडे असेल. गेले. तिथे एक उलटं घमेलं होतं आणि त्यावर कोंबडी बसली होती. मी परत आले. तेवढ्या वेळात त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते पायांकडे बघत होते.

"चाल सरळ हाय," ते म्हणाले. "आता खोलीची खोड सांगतो. थांबा, तिसरा मानूस लागते." आणि आत तोंड करून हाक मारली, "याडी!"

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. मुलगा म्हणायचा म्हणून तेही बायकोला याडीच म्हणू लागले होते. ती पदराला हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. हे तिला रोजचंच असावं.

"उन्हाळ्यात नळाले पानी राहत नाही. टिनं तापतेत. एका खिडकीची कडी तुटेल हाय, तार बांधा लागते. आन् मी पहाटे जोरानं बोलतो. कोनासंगं नाही, असाच."

"दिवसाबी बोलतेत," याडी म्हणाली.

"ते खोलीची खोड नाही."

"घराची तं हाय."

मग ते माझ्याकडे वळले. "आता तुमची सांगा."

मी यवतमाळची, पण शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात आम्ही जपून मराठी बोलतो. अशा वेळी मला कुठल्याच भाषेत काही सुचत नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी जास्त बोलत नाही."

"ते खोड कुठी हाय? तो तं गुन झाला. दुसरी सांगा."

"राहू द्या ना," याडी म्हणाली. "सापडन मंग."

बँकेची नोकरी दिग्रसला लागली होती आणि बाकीच्या खोल्यांचे मालक फक्त मी एकटी का, हेच विचारत होते. मी तीच खोली घेतली.

ते बैलांचे दलाल होते. बाजारच्या दिवशी दोन शेतकऱ्यांच्या मधे उभं राहायचं, खांद्यावरचा दुपट्टा हातांवर टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. मी आले तोवर बाजारात बैल कमी आणि ट्रॅक्टरचे हप्ते जास्त झाले होते, पण दुपट्टा खांद्यावरून उतरला नव्हता. त्यांचे खापरपणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणतात. ते लदेणीबद्दल असं बोलायचे, जणू स्वतःच परवा परत आलेत. "तांड्याच्या पुढे एक बैल राहे," ते सांगायचे. "त्याच्यावर ओझं नाही टाकाचं. तो जिथं बसला तिथं मुक्काम. किती कोस राह्यले, कोनी इचारत नव्हतं."

दलालीत त्यांचा एकच नियम होता. बैलाची खोड विकण्याआधी मोठ्याने सांगायची, आणि तिसऱ्या माणसासमोर सांगायची. "सांगतली ते खोड घेनाऱ्याची. नाही सांगतली ते आपली."

"आपली म्हणजे?" मी एकदा विचारलं होतं.

"म्हंजे मरेपर्यंत आपली."

हा नियम त्यांनी बैलांपुरता ठेवला असता तर याडीचे अर्धे कष्ट वाचले असते. ते टरबूजवाल्याला खोड विचारायचे. मिक्सर घेतला तेव्हा गॅरंटीचं कार्ड दुकानदाराला परत देऊन आले: "कागद तुमच्यापाशी राहू द्या, मले खोड सांगा." पुतणीच्या सोयरिकीला पाहुणे आले, पोहे झाले, आणि यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पोरगी चांगली आहे, फक्त झोपेत हसते. सोयरीक मोडता मोडता राहिली. पुतणी अजून त्यांच्याशी तुटक बोलते. याडी ही गोष्ट सांगताना इतकी हसायची की तिला धाप लागायची.

याडीची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस. त्यातला एक वार शनिवार. बँकेला सुट्टी असेल त्या शनिवारी मीही घरी जायची, म्हणून आम्ही एकाच एसटीने जायचो. याडी खिडकीच्या दांडीला डोकं टेकवून बसायची. तिला पाणी घोटाघोटाने प्यायचं होतं. आर्णीच्या स्टँडवर पाणीवाले ओरडत खिडकीखाली यायचे, तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची. ते तिच्याकडे बघत नसत. समोरच्या सीटवर काय लिहिलंय ते वाचत.

एका संध्याकाळी ते माझ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसले. याडी आत पडली होती.

"डॉक्टरनं खोड सांगतली," ते म्हणाले.

मी दोन पायऱ्या उतरून उभी राहिले.

"रगत मशीनवर धुऊन भेटते म्हने. पन आता हृदयबी थकलं. एक साल निघन, दोन निघतीन. तिसऱ्याचं इचारू नका म्हने." ते दुपट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत होते. "मले एकट्याले नेऊन सांगतलं, दरवाजा लावून. असं सांगत असतेत काय? तिसरा मानूस नाही. आन् जिची खोड, तेच नाही."

"याडींना सांगणार?"

ते उठले. "आज नाही," म्हणाले.

पुढे कितीतरी वेळा मी फक्त त्यांच्याकडे पाहायची आणि ते तेच म्हणायचे. आज नाही.

होळीच्या आसपास मुलाने बंगळुरूहून फोन करून सांगितलं की याडीला आता एसटीत बसवायचं नाही, गाडी घ्या. ट्रॅक्टर ते चालवत होतेच, गाडीही जमणार होती. यवतमाळच्या शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. मला नेलं, कारण कागद इंग्रजीत असतात. याडीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

पांढरी, छोटी गाडी होती. त्यांनी आधी बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून बराच वेळ बघितलं, जसे बैलाचे दात बघतात. विक्रीवाला मुलगा टापटीप होता, गळ्यात ओळखपत्र. तो म्हणाला, बसा काका, एक चक्कर मारू. "तू चालव, मी पाहतो," ते म्हणाले, आणि अंगणात गाडीच्या बाजूने पायी चालू लागले. मुलगा खिडकीतून मान बाहेर काढून हळूहळू चालवत होता. हे वाकून चाकं बघत होते. शोरूमचे बाकीचे लोक दारात येऊन उभे राहिले. मला कुठे बघावं कळेना. याडीने मला कोपराने डिवचलं. "माह्या लग्नातबी असेच पाहून राह्यलते," ती म्हणाली.

"आता खोड सांग," ते मुलाला म्हणाले.

"काका, नवीन गाडी हाय. काहीच फॉल्ट नाही."

"बिनखोडीचं जनावर मी पाह्यलं नाही अजून."

मग आत टेबलाशी बसल्यावर त्यांनी दुपट्टा काढला, मुलाच्या हातावर टाकला आणि खाली त्याची बोटं धरली. मुलगा एकदम उभाच राहिला. "काका, काका, असं नका करू. वर कॅमेरा हाय. साहेब पाहून राह्यले."

"मंग साहेबाले बोलाव. त्याची बोटं धरतो."

याडी हसत होती. मीही. त्या टेबलाशी आम्ही सगळे शेवटचे एकत्र हसलो.

मुलाने मग एक चकचकीत पत्रक पुढे केलं. पहिल्या तीन वर्षांची वॉरंटी गाडीसोबतच येते, त्याने सांगितलं. चौथ्या आणि पाचव्या वर्षाची वेगळी घ्यावी लागते. आत्ता घेतली तर बरं, नाही तर वर्षभरात कधीही या. वर्ष उलटलं की मिळत नाही. "म्हंजे कसं काका, तुमी गाडी किती वर्षं ठेवनार, त्याच्यावर हाय."

ते पत्रकावरच्या गाडीवरून बोट फिरवत राहिले.

"तीनच वर्षं ठेवनार असान तं गरज नाही," मुलगा म्हणाला. "पाच ठेवनार असान तं घेऊनच टाका."

याडी पत्रकाकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती. गाडी कशासाठी घेतोय हे टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं, मुलगा सोडून. हो म्हटलं तर ते खोटं बोलणं झालं असतं. नाही म्हटलं तर याडीला खोड कळली असती. भाव करताना कधी न अडणारे ते, दुपट्टा उचलून घडी घालत बसले.

"इचारून सांगतो," ते म्हणाले.

"आता कोनाले इचारता? काकू तं इथंच हायेत," मुलगा हसून म्हणाला.

त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. याडी काचेबाहेर बघू लागली.

त्यानंतर माझी एक नवीन ड्यूटी सुरू झाली. बँकेतून आले की ते वॉरंटीचं इंग्रजी पुस्तक घेऊन ओट्यावर तयार असायचे. "वाच बेटी." मी वाचून मराठीत सांगायची. शब्द सापडायचे नाहीत. क्लच, ब्रेकचे भाग, रबर, वायपर, यांना हे लागू नाही. पुरात बुडाली तर लागू नाही. दुसरीकडे दुरुस्त केली तर लागू नाही. मला हे वाचताना कंपनीचा राग यायचा. त्यांना उलट बरं वाटायचं.

"पाह्य, खोड्या सांगतल्या त्यायनं. लिहून सांगतल्या. इमानदार हायेत."

"पण काका, मग राहिलं काय?"

"काय राह्यलं?"

मी पान उलटून वाचलं. "बनवतानाच काही चूक राहिली असेल, तर तेवढं ते दुरुस्त करतात. वापरून झिजलं, तर नाही."

आत याडी भांडी लावत होती. तिला बसूनच लावावी लागायची, म्हणून एकेक भांडं ठेवल्याचा आवाज जमिनीजवळून यायचा.

"याडीचं कोनतं म्हनाचं?" ते म्हणाले. "बनवतानीचं का झिजल्याचं?"

मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लावलं. मला तेव्हा कळलं की त्यांना उत्तर नको होतं. वाचून संपेपर्यंत ठरवायचं नव्हतं, आणि म्हणून वाचून संपवायचंच नव्हतं. शोरूमचा मुलगा अधूनमधून फोन करायचा. "मॅडम वाचून राह्यली," ते त्याला सांगायचे.

गाडीला त्यांनी कधी गाडी मानलं नाही. आरशाला बैलाची घुंगरमाळ बांधली. चढ आला की जिभेने टक्‌ टक्‌ करायचे. उतरल्यावर बॉनेटवर थाप मारायचे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वाटीत तूप-हळद कालवून आले आणि बैलाचा खांदा शेकतात, तसं पुढच्या दोन्ही चाकांच्या वर चोळलं. मग हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

हे आमंत्रण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला देतात, एवढं मला माहीत होतं. गाडीला देताना पहिल्यांदा पाहिलं.

"आपली गॅरंटी एवढीच," ते मला म्हणाले. "आज ते उद्या. याच्या पुढचं आपल्या बापजाद्यायनं कोनाले देल्लं नाही."

दुसऱ्या दिवशी यवतमाळला डायलिसिसचा नंबर होता. पोळ्याला बैल जुंपत नाहीत. ते सकाळी गाडीपाशी किल्ली हातात घेऊन उभे होते आणि आत जात होते, पुन्हा येत होते. मी म्हटलं, दुसरी गाडी सांगू का कोणाची? याडीनेच सोडवलं. तिने पुरणपोळीचं ताट गाडीसमोर ठेवलं, स्वतःला त्यातलं काही चालत नव्हतं, आणि ओट्यावर पाय पसरून बसली. "आज त्याले सुट्टी," ती म्हणाली. "मंग मलेबी सुट्टी."

किती महिन्यांनी ती त्या दिवशी अंगणात ऊन खात बसली होती. संध्याकाळी पावलं सुजली. दुसऱ्या दिवशी तिला धाप इतकी लागली की गाडीत मी तिच्या पाठीला हात लावून बसले. डॉक्टर ओरडले, एक नंबर का चुकवला? ते म्हणाले, "पोळा होता." डॉक्टर बाहेरगावचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे सांगायला माझ्याकडे इंग्रजीतही शब्द नव्हते.

त्यानंतर याडी फारशी उभी राहिली नाही.

दिवाळी होऊन गेली होती. शनिवारची सकाळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. मी मागे, ते दोघं पुढे. आर्णी मागे पडल्यावर याडी म्हणाली, "थांबवा."

त्यांना वाटलं उलटी होतेय. गाडी बाजूला घेऊन ते पिशवी शोधू लागले. तिने त्यांचा हात धरला.

"पुढचा बैल बसला," ती म्हणाली.

एरवी ते दोघं एकमेकांशी त्यांच्या बोलीत बोलायचे आणि मला निम्मं कळायचं. त्या दिवशी ती मराठीत बोलली. मी सरळ बसले. ते कितीतरी वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. एक ट्रक गेला आणि आरशाची घुंगरं हलली. मग मान मागे न वळवता त्यांनी मला विचारलं, "बेटी, ऐकून राह्यली ना?"

"हो."

"तू तिसरी हायस."

आणि त्यांनी तिला सांगितलं. मोठ्याने, बाजारात सांगायचे तसं, एकेक. हृदय थकलंय. डॉक्टरांनी एक साल सांगितलं, फार तर दोन. मला होळीच्या आधीपासून माहीत आहे. मी सांगितलं नाही. सांगताना त्यांचा आवाज अजिबात हलला नाही.

"मले ठाव हाय," याडी म्हणाली.

"कवापासून?"

"गाडी घेतली तवापासून. तुमी भाव करता करता थांबले. जनमात कवा थांबलते काय?"

त्यांनी आरशाची घुंगरं बोटाने थांबवली.

"थो कागद घेऊन टाका," ती म्हणाली. "पोरीले कायले रोज वाचाले लावता? ते थकून येते बिचारी."

"कायले घेऊ? कोनासाठी?"

"चौथं आन् पाचवं साल माहं नाही. तुमचं तं हाय." ती जरा थांबली, दम घ्यायला. "रस्त्यात गाडी बसली तं तुमाले कोन पाहीन?"

मी खिडकीबाहेर पाहत होते. वेचायला आलेल्या बाया बांधावर डबे ठेवत होत्या. त्यांच्यातली एक आमच्या गाडीकडे बघून काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या.

"चला आता," याडी म्हणाली. "मशीनचा टाईम झाला."

तूर कापायच्या दिवसांत ती गेली. यवतमाळला नाही, रस्त्यातही नाही. घरीच, दुपारी, ते तिच्यासाठी बर्फाचा तुकडा आणायला फ्रीजपाशी गेले तेवढ्यात. मी बँकेत होते. आले तेव्हा अंगणात माणसं होती आणि ते निंबाखाली उभे होते. हातातल्या वाटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं, तरी त्यांनी ती खाली ठेवली नव्हती.

पुढचे महिने त्यांनी कोणाला खोड विचारली नाही. पहाटेचं बोलणं बंद झालं. मी वर पडून त्या आवाजाची वाट बघायची, आणि मग नळाला पाणी आल्याचा आवाज यायचा. गाडी आठवड्यातून दोनदा ते पुसायचे, त्याच वारांना. बंगळुरूहून मुलगा इकडे ये म्हणत होता. ते म्हणायचे, पाहू.

मग शोरूममधून फोन आला. वर्ष संपतंय काका, शेवटचे दिवस. मी ओट्यावर होते. मला वाटलं, ते ठेवून देतील. ते म्हणाले, "येतो."

मी पुढचं दार उघडलं तर म्हणाले, "मांगं बस बेटी." पुढच्या सीटवर याडीची उशी तशीच होती. आर्णीच्या पुढे, जिथे आम्ही थांबलो होतो तिथे त्यांनी गाडीचा वेग कमी केला, पण थांबले नाहीत.

तोच मुलगा होता. "काकू नाही आल्या?" त्याने विचारलं.

"नाही," ते म्हणाले.

मी कागद वाचला, त्यांनी सही केली. पैसे भरले. मुलाने शिक्का मारून कागद त्यांच्या हातात दिला आणि खुर्चीत मागे रेलला. "आता टेन्शनच नाही काका. पूर्ण पाच वर्षं."

त्यांनी कागदाकडे बघितलं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, टेबलावर पसरला आणि त्याखाली मुलाचा हात धरला. या वेळी मुलाने हात ओढला नाही. त्याला गंमत वाटली.

"आता कायचा भाव काका? पैसे तं भरून झाले."

"पाच साल म्हनलं तू?"

"हो. पाच."

"कमी नाही होत काय?"

मुलगा मोठ्याने हसला आणि मीही हसेन म्हणून माझ्याकडे बघू लागला. ते हसले नव्हते. दुपट्ट्याखाली त्यांनी त्याची बोटं अजून धरून ठेवली होती.